‘उठवू नका’ असे बजावणारा भोंगा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी दाराला लावायचा भोंगा विकत घेतला आणि दोन महिन्यांनी त्याच दुकानातून दुसऱ्या प्रकारची घंटी आणली. दोन्ही वस्तू पुरेशा वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. चोराच्या भीतीने त्या घेतलेल्या नाहीत. आमचा नऊ वर्षांचा मुलगा झोपेत चालतो आणि आमचे घर दादरमधल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे, एवढे सांगितले की कारण कळावे. मे महिन्याच्या सुट्टीत एका रात्री तो कडी काढून बाहेर पडला आणि अनवाणी जिन्याच्या कठड्याला धरून उभा असलेला त्याच्या बाबांना दिसला. दुसऱ्या दिवशी मी ग्रँट रोडला उतरले.

पहिल्या भोंग्याची किंमत ३५० रुपये. त्याचे दोन तुकडे असतात. लहान तुकड्यात चुंबक असते आणि तो दारावर चिकटवायचा असतो. मोठ्या तुकड्यात बारीक काचनळीत बंद केलेल्या दोन लोखंडी पात्या, तीन बटन सेल आणि भोंगा असतो, आणि तो चौकटीवर बसतो. चुंबक शेजारी असेपर्यंत पात्या एकमेकींना चिकटून राहतात. दार दोन बोटे उघडले की चुंबक लांब जाते, पात्या सुटतात आणि भोंगा वाजू लागतो. यंत्र म्हणून हे इतके साधे आहे की त्यात बिघडण्यासारखे फार नाही, आणि तरीही पहिले दोन दिवस ते दार बंद असतानाच कोकलत राहिले, कारण मी ते बाहेरच्या लोखंडी सेफ्टी डोअरवर लावले होते. लोखंड चुंबकाचा प्रभाव आपल्याकडे ओढून घेते आणि पात्यांपर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. दुकानदाराने फोनवर चुंबकाखाली लाकडाची चकती ठेवायला सांगितले. मी तो खटाटोप न करता भोंगा आतल्या लाकडी दारावर आणला आणि प्रश्न मिटला. सोबत दिलेली चिकटपट्टी मात्र मुंबईच्या जुलैसाठी बनवलेली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात चौकटीवरचा तुकडा सुटून चपलांच्या स्टँडमागे पडला आणि शेवटी सुताराला बोलावून दोन स्क्रू मारून घ्यावे लागले.

इथपर्यंत ही तक्रार कोणत्याही स्वस्त वस्तूची असते तशीच आहे. मला जास्त खटकले ते खोके आणि आतले पत्रक. खोक्यावर पूर्ण चंद्र आहे, चंद्राखाली कौलारू छप्पर आहे आणि छपराच्या अगदी कडेवरून पांढरा पायघोळ झगा घातलेला एक माणूस डोळे मिटून, दोन्ही हात समोर ताठ धरून चालला आहे. पत्रकात सेल कसे बदलावेत याला दीड ओळ दिली आहे, आणि त्याखाली जाड अक्षरांत इंग्रजी व हिंदीत सूचना आहे की झोपेत चालणाऱ्या व्यक्तीला कधीही जागे करू नये, तिला जबर धक्का बसू शकतो. आवाज करून माणसांना जागे करण्यासाठीच बनवलेली वस्तू कोणालाही जागे करू नका असे बजावते, हे मी वस्तू घेताना वाचले असते तर दुकानदाराला त्याबद्दल विचारले असते. मी ते घरी येऊन वाचले, आणि माझ्याआधी आत्यांनी वाचले.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. वय ७८, मुक्काम आमच्याकडे, रात्री बारापर्यंत वाचन. वाचनालयातून आठवड्याला दोन रहस्यकथा आणि एक भयकथा हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. पत्रक चष्म्याजवळ धरून त्या म्हणाल्या, “बघ, यांनासुद्धा ठाऊक आहे. अगं, हा भोंगा ठणाणा वाजला आणि पोर दचकून जागं झालं तर? झोपेत चालणाऱ्याला उठवू नये. काळीज फाटून माणूस जागच्या जागी जातो.”

“आत्या, असं झालेलं तुम्ही पाहिलंय का कुठे?”

“पाहायला कशाला हवं? किती पुस्तकांत आहे!”

उत्तर प्रामाणिक होते. आपल्यापैकी बहुतेकांना हा नियम पुस्तकांतून, सिनेमातून आणि व्यंगचित्रांतूनच कळलेला असतो. घरात प्रत्यक्ष कोणी झोपेत चालत असेल तर पूर्वी त्याला बाहेरची बाधा म्हणत, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत आणि दाराला वरची कडी लावत. त्यात उठवावे की न उठवावे हा वाद मी तरी ऐकलेला नाही. तो वाद कथेतला आहे, आणि कथेत तो का टिकून राहिला असेल हे थोडा विचार केला तर उमगते. लेखकाला अशा प्रसंगात पाहणाऱ्यांना पाहत ठेवायचे असते. हवेलीतली सून मध्यरात्री दिवा घेऊन जिना उतरते, विहिरीकडे जाते, पुरलेली पेटी उकरून काढते किंवा आपल्या हातून घडलेला गुन्हा पुटपुटते. मागून येणाऱ्या गुप्तहेराने तिच्या खांद्यावर हात ठेवून “वहिनी, घरी चला” असे म्हटले तर पुढची चाळीस पाने संपली. म्हणून गुप्तहेराच्या सोबत एक वैद्य किंवा म्हातारा नोकर लागतो, आणि त्याच्या तोंडी “थांबा, उठवलंत तर ती जिवानिशी जाईल” हे वाक्य लागते. या एका वाक्याने सगळ्यांचे हातपाय बांधले जातात आणि प्रसंग पुढे सरकतो.

ही सोय जुनी आहे. ‘मॅकबेथ’ नाटकात, ज्याचे ‘राजमुकुट’ हे रूपांतर शिरवाडकरांनी मराठीत केले, पाचव्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात राणी हातात मेणबत्ती घेऊन झोपेत चालत येते, हात धुतल्यासारखे करते आणि खुनाचे सगळे सांगून टाकते. वैद्य आणि दासी बाजूला उभे राहून ऐकतात, वैद्य तर लिहून घेतो, आणि तिला उठवण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. गंमत अशी की उठवू नये असे तिथे कोणी म्हणतही नाही. शेक्सपिअरला त्या वाक्याची गरज पडली नाही. उलट एक तपशील त्याने खोक्यावरच्या चित्रकारापेक्षा अचूक टिपला आहे: राणीचे डोळे उघडे असतात. आमच्या मुलाचेही असतात. हात समोर ताठ धरण्याची कल्पना कोणाची हे देव जाणे. आमचा मुलगा हात खाली सोडून, सकाळी दात घासायला निघाल्यासारखा चालतो.

बेलिनीचा ‘ला सोनांबुला’ हा ऑपेरा १८३१ साली मिलानमध्ये रंगमंचावर आला. त्याच्या शेवटच्या भागात नायिका अमीना झोपेत पाणचक्कीवरच्या डुगडुगत्या पुलावरून चालत येते. खाली चाक फिरते आहे, गावकरी जमले आहेत, आणि कोणी ओरडले तर ती मरेल म्हणून सगळे श्वास रोखून उभे आहेत. इथे नियमाला कारण आहे. पुलावर असताना दचकली तर ती पडेल, हे कोणालाही पटेल. पण ती पूल ओलांडून सुखरूप खाली येते तेव्हा तिला उठवतात, ती प्रियकरासमोर जागी होते, आनंदाने गाते आणि पडदा पडतो. उठवल्यामुळे तिला काहीही होत नाही. त्यानंतरच्या काळात पूल मागे पडला आणि भीती तेवढी उरली असावी, असे मला वाटते: उंचावरून पडण्याची भीती हळूहळू जागे होण्याचीच भीती झाली.

ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये तर या समजुतीची थट्टाच आहे, आणि भयकथेच्या वाचकांनी ती विसरावी याचे मला नवल वाटते. लूसी झोपेत चालते. तिच्या आईची खात्री असते की असे लोक नेहमी छपरांवर आणि कड्यांच्या कडेवर जातात, मग एकदम जागे होतात आणि आसमंत दणाणून टाकणारी किंकाळी फोडून खाली कोसळतात. मैत्रीण मीना हे आपल्या रोजनिशीत मिस्कीलपणे नोंदवते, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच हा साचा हसण्याइतका जुना झाला होता. मीना स्वतः करते ते अगदी घरगुती. ती खोलीला कुलूप लावते आणि किल्ली मनगटाला बांधून झोपते. लूसीच्या वडिलांनाही हीच सवय होती, हेही त्याच पानांत येते, आणि ते वाचून मी पुस्तक मिटून नवऱ्याकडे पाहिले. त्याचे कारण पुढे येईल.

योहाना श्पीरीच्या ‘हायडी’त, १८८० च्या सुमारास, फ्रँकफुर्टच्या घराचे मुख्य दार रोज सकाळी उघडे सापडते आणि नोकर भुताच्या भीतीने गारठतात. घरमालक आणि त्याचा डॉक्टर मित्र पिस्तुले घेऊन रात्रभर बसतात, तेव्हा दारात झोपेत चालणारी, डोंगरातल्या घराची ओढ लागलेली पोर उभी असते. ती जागी होते, घाबरते, डॉक्टर तिला हाताला धरून वर नेतो, अंथरुणात निजवतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठवण्याचा सल्ला देतो. लहान मुलांच्या या गोष्टीत मला मोठ्यांच्या दहा रहस्यकथांपेक्षा जास्त शहाणपण दिसले. आमच्या भोंग्याचे गिऱ्हाईक कोण असावे हेही त्याच गोष्टीत बसते: ज्या घरात सकाळी दार उघडे सापडते ते घर.

या समजुतीचे मूळ मात्र पाश्चात्त्य कादंबऱ्यांत नाही, आणि हे सांगितले नाही तर आत्यांवर अन्याय होईल. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्थेबद्दल सांगत असताना एक लोकसमज उद्धृत करतो: “तं नायतं बोधयेदित्याहुः”, म्हणजे झोपलेल्याला एकदम जागे करू नये असे म्हणतात. कारणही दिले आहे. आत्मा बाहेर हिंडत असतो, आणि तो ज्या भागात परतला नाही त्या भागावर इलाज करणे कठीण होते. तिथे ‘म्हणतात’ हा शब्द आहे, याकडे मी आत्यांचे लक्ष वेधले. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’ या १८९० साली प्रथम निघालेल्या ग्रंथात जगभरातल्या अशा समजुती गोळा केल्या, आणि त्यांत मुंबईचाही उल्लेख आहे: झोपलेल्या माणसाचा चेहरा रंगवणे किंवा झोपलेल्या बाईला मिशा काढणे मुंबईत खुनासारखे मानतात, कारण परतलेल्या आत्म्याला आपले शरीर ओळखू येत नाही. हे वाचून दाखवल्यावर आत्या बराच वेळ हसत होत्या. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत दर उन्हाळ्यात गॅलरीत झोपलेल्या भावंडांना काजळाने मिशा काढण्याची स्पर्धा चाले, आणि त्यांतले सगळे आत्मे बिनबोभाट आपापल्या जागी परतले होते.

भोंग्याची खरी परीक्षा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. मुलाचा ताप दोन दिवसांपूर्वी उतरला होता. रात्री साडेअकराला भोंगा वाजला. खोक्यावर १२० डेसिबल असे छापले आहे. तो आकडा विक्रेत्याच्या उत्साहाचा असेल, तरी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा यांदरम्यान कायद्याने ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती आम्ही त्या रात्री पार धुळीला मिळवली. आमच्या मजल्यावरची तीनही दारे उघडली. शेजारचे काका चोर समजून हातात काठी घेऊन आले. खालच्या मजल्यावरची बाळे रडू लागली. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खर्च केला तो मुलगा उंबरठ्यावर शांतपणे उभा होता, उघड्या डोळ्यांनी, भोंग्यापासून दोन हातांवर, आणि त्याची झोप मोडली नव्हती.

तेवढ्यात आतून आत्या भोंग्याच्या वरताण आवाजात ओरडल्या, “उठवू नका रे त्याला!” काकांनीही काठी खाली करून तेच म्हटले. आणि आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा, काका आणि समोरच्या वहिनी, पाणचक्कीजवळच्या गावकऱ्यांसारखे श्वास रोखून उभे राहिलो. किती वेळ ते आता सांगता येत नाही. अर्धा मिनिट असेल. त्या वेळात मुलगा आमच्यामधून वाट काढत दोन पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवर नवऱ्याने भानावर येऊन त्याला खांद्याला धरून वळवले, हळूच “चल, झोपायला जाऊ” म्हटले, आणि तो मुकाट्याने मागे आला. सकाळी त्याला काही आठवत नव्हते. शाळेत जाताना चपलांचा स्टँड कोणी सरकवला, एवढे त्याने विचारले.

म्हणून या पहिल्या वस्तूबद्दल माझे मत असे आहे: भोंगा त्याच्या कामात चोख आहे आणि पत्रक घातक आहे. आवाजाने मुलाला धक्का बसेल अशी जी भीती पत्रक घालते ती खोटी ठरली, कारण मुलाला आवाज ऐकूच आला नाही. आणि पत्रकाने शिकवलेल्या सूचनेमुळे चार धडधाकट माणसे एका लहान मुलाला जिना उतरताना पाहत राहिली.

त्यानंतर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तिथे कळले ते या वस्तूंची निवड करताना उपयोगी पडले, म्हणून थोडक्यात लिहिते. झोपेत चालणे हे स्वप्नातले चालणे नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी झोपेत चालणाऱ्यांच्या मेंदूचे आलेख रात्रभर घेतले तेव्हा दिसले की हे प्रसंग स्वप्नांच्या झोपेत घडत नाहीत. ते सर्वांत गाढ झोपेत सुरू होतात. अशी झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात जास्त असते, त्यामुळे दहाला झोपणारा मुलगा बहुधा अकरा ते साडेबाराच्या दरम्यान उठतो. मेंदूचा एक भाग चालण्यापुरता, कडी काढण्यापुरता जागा होतो आणि उरलेला झोपलेलाच राहतो. ताप, अपुरी झोप, भरलेले मूत्राशय, एखादा मोठा आवाज, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहाव्या वर्षी हे प्रमाण १३ टक्क्यांच्या वर गेले होते. आईवडिलांपैकी कोणालाच हा इतिहास नसेल तर २२ टक्क्यांच्या आसपास मुले कधी ना कधी झोपेत चालली, एकाला असेल तर ४७ टक्के, दोघांना असेल तर ६१ टक्के.

“घरात कोणाला होतं का?” असे डॉक्टरांनी विचारल्यावर नवरा नाही म्हणाला आणि आत्या हो म्हणाल्या. तो सहा वर्षांचा असताना गिरगावच्या चाळीच्या गॅलरीतून टोकाच्या नळापर्यंत जात असे आणि त्याची आजी त्याला दंडाला धरून परत आणत असे, हे त्याला स्वतःला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. आजीने त्याला कितीदा तरी हलवून उठवलेही होते. आत्यांनी हे सांगितले आणि मग त्यांच्याच लक्षात आले की आपण काय बोललो.

उठवण्याबद्दल डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. उठवल्याने हृदय बंद पडत नाही, वेड लागत नाही. गाढ झोपेतून ओढून काढलेला माणूस गोंधळतो, चिडतो, समोरून घट्ट आवळून धरले तर ढकलतो किंवा हात उगारतो, म्हणून विनाकारण उठवायला जाऊ नये आणि हाताला धरून हळूच अंथरुणाकडे वळवावे. पण जिना, खिडकी, गॅस किंवा रस्ता समोर असेल तर बेधडक अडवावे, उठवावे लागले तर उठवावे. उठला तर रडेल, दहा मिनिटांनी झोपेल. पहिल्या भोंग्याचे वर्णन ऐकून ते म्हणाले की एवढा मोठा आवाज मुलाजवळ करण्यात अर्थ नाही, आवाज तुमच्या उशाशी व्हायला हवा.

दुसरी वस्तू त्या वाक्यामुळे घेतली. ही बिनतारी घंटी आहे, किंमत १,१५० रुपये. दारावर चुंबकाची तीच जोडी बसते, पण ती स्वतः आवाज करत नाही. ती फक्त संदेश पाठवते, आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलेला रिसीव्हर आमच्या खोलीत वाजतो. आवाजाच्या चार पायऱ्या आहेत. दुसरी पायरी आम्हाला पुरते आणि शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. मधल्या दोन जाड भिंती ती सहज पार करते. आणखी एक दारपट्टी वेगळी विकत मिळते, ती आम्ही बाल्कनीच्या दाराला लावली आणि तिला निराळा सूर दिला, त्यामुळे झोपेतून उठतानाच कोणत्या दिशेला धावायचे ते कळते. या एका सोयीसाठी मी तिला पहिल्या भोंग्याच्या तिप्पट किंमत आनंदाने देईन, आणि दिलीच.

दोषही आहेत. सुरुवातीच्या आठवड्यात ती दोनदा भलत्याच वेळी वाजली. समोरच्या घरात तशीच बिनतारी बेल आहे, आणि त्यांच्याकडे पार्सलवाला आला की आमच्या खोलीत घंटी वाजे. रिसीव्हरवरचे बटण दाबून दारपट्टीशी पुन्हा जुळणी केल्यावर ते थांबले. वीज जाऊन आली की निवडलेला सूर विसरून ती आपल्या मूळच्या कर्कश सुरावर परतते. दारपट्टीतला बारा व्होल्टचा छोटा सेल संपत आल्याची कोणतीही सूचना मिळत नाही, आणि हा दोष मला गंभीर वाटतो, कारण मेलेली घंटी आणि शांत रात्र यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. म्हणून दर रविवारी रात्री दार उघडून घंटी वाजते का ते पाहण्याचा नेम मी ठेवला आहे. हिच्याही खोक्यावर चंद्र आहे, पण पत्रकात न उठवण्याची सूचना नाही. घंटी वाजल्यावर काय करावे याबद्दलही मात्र एक शब्द नाही.

घंटी लावली म्हणजे कडी लावायला नको असे समजू नये. आम्ही दाराच्या अगदी वर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी एक जादा कडी बसवली आणि खिडक्यांच्या ग्रिलची उघडणारी झडप कुलूपबंद केली. किल्ली मीनासारखी मनगटाला बांधलेली नाही, पण दारापासून चार पावलांवर, मोठ्यांना अंधारात हाताला लागेल अशा खिळ्यावर आहे, कारण आग लागली तर किल्ली शोधत बसण्याची वेळ येऊ नये. ज्या घरात एकच खोली आहे तिथे १,१५० रुपये खर्च करण्यात मतलब नाही; वरची कडी आणि तिला अडकवलेला घुंगरू पुरेसा होईल. वयस्क माणूस प्रौढपणी प्रथमच झोपेत चालू लागला असेल, विशेषतः झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यावर, तर घंटीआधी डॉक्टर गाठावा. अशा काही गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली याच कारणासाठी ठळक इशारा छापायला लावला आहे.

डॉक्टरांनी आणखी एक उपाय सांगितला होता, आणि तो ऐकून आत्या खुर्चीत सरसावून बसल्या होत्या. मुलगा ज्या वेळेला उठून चालतो त्याच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी त्याला रोज आपणच हलकेच उठवायचे, कूस बदलेल, हं म्हणेल एवढेच, आणि पुन्हा झोपू द्यायचे. काही आठवडे असे केले की झोपेची ती ठरलेली घडी मोडते. म्हणजे ज्याला चुकूनही उठवू नये असे सगळ्या पुस्तकांत लिहिले आहे, त्याला रोज ठरवून उठवायचे, हाच उपचार. आमच्या घरात रात्री सव्वाअकराला नियमाने जागे असणारे माणूस एकच आहे. पहिल्या रात्री आत्या हातातल्या पुस्तकात बोट घालून त्याच्या खोलीत गेल्या, दोनदा परत आल्या, आणि तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावर हात ठेवून “ए राजा” म्हणाल्या. तो कुशीवर वळला आणि झोपला. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

आता हे त्यांचेच काम झाले आहे. ऑक्टोबरनंतर दाराची घंटी मुलाने एकदाही वाजवलेली नाही, त्यामुळे तिच्या गुणदोषांची नोंद सध्या माझ्या रविवारच्या चाचणीपुरतीच उरली आहे. गेल्या रविवारी साडेअकराला मी कडी काढून दार उघडले, आमच्या खोलीत घंटी वाजली, आणि आतल्या खोलीतून पान उलटल्याच्या आवाजामागोमाग आत्या म्हणाल्या, “त्याला उठवून झालंय. तू झोप आता.”